३१ तासांतली ४७ मिनिटं

४ ऑगस्ट २०२४

माळ्यावरचं खोकं खाली काढलं. २७ कॅसेटी आहेत. १९ साठ मिनिटांच्या, ८ नव्वदच्या. म्हणजे दोन्ही बाजू धरून ३१ तास. सगळ्या मी आणि दादानं शाळा-कॉलेजच्या वर्षांत घरच्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेप एकाच यंत्रात), आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावरून भरलेल्या.

ते केंद्र बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा साठा एकाच संगणकात होता आणि त्याची हार्डडिस्क बिघडली तेव्हा तो गेला, असं तिथे काम केलेल्या एकांनी मला मागे सांगितलं होतं. त्या दिवसापासून हे खोकं मनात होतं. त्या केंद्राचा आवाज आणखी कुणाकडे असेल तर मला ठाऊक नाही. माझ्याकडे मात्र नक्की आहे, आणि फीत काही कायम टिकत नाही.

आज फक्त मोजदाद. प्रत्येक कॅसेटला क्रमांक दिला, खोक्यावरचं आणि लेबलवरचं अक्षर जसंच्या तसं वहीत उतरवलं. बहुतेक लेबलांवर दादाचं अक्षर: ‘संध्या. गाणी ३’, ‘सकाळ, चांगली’, ‘शनि. मिक्स’. वर्ष कुठेही लिहिलेलं नाही.

सगळ्या कॅसेटींची मागची पाती मोडून टाकली, म्हणजे चुकूनही त्यांच्यावर काही रेकॉर्ड होणार नाही.

७ ऑगस्ट

कॅसेट वाजवायचा डेक तयार केला. जुना बेल्ट चिकट होऊन चाकाला लागला होता, तो खरवडून नवा घातला. फितीवरचा आवाज वाचणारं हेड आणि फीत ओढणारं रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. कापूस तपकिरी निघायचा थांबेपर्यंत पुसत राहिले.

हेडचा कोन प्रत्येक कॅसेटसाठी वेगळा लावावा लागणार. कॅसेटची फीत सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर सरकते, त्यामुळे हेडची फट काटकोनातून जराशी ढळली तरी वरचे स्वर गायब होतात आणि सगळं कांबळ्यातून आल्यासारखं ऐकू येतं. उपाय सोपा आहे. कॅसेट लावायची, डावी आणि उजवी वाहिनी एकत्र करून ऐकायचं आणि ‘स’ आणि ‘श’ सगळ्यांत लखलखीत वाटेपर्यंत छोटा स्क्रू फिरवायचा. आमच्या टू-इन-वनचं हेड थोडं तिरकं असणार. असू दे. त्याच तिरकेपणाला आजचं हेड जुळवायचं आहे.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवणार. एका साठ मिनिटांच्या कॅसेटला जवळजवळ एक जीबी. दोन वेगवेगळ्या डिस्कवर दोन प्रती. एकाच ठिकाणी ठेवलं की काय होतं ते त्या केंद्राच्या बाबतीत पाहिलंच आहे.

१० ऑगस्ट

कॅसेट १, २ आणि ३ झाल्या. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगला आहे. आणि तरी संध्याकाळी मी डोकं धरून बसले.

तिन्हींत फक्त गाणी आहेत.

एक गाणं, टक्, दुसरं गाणं, टक्, तिसरं. तो ‘टक्’ म्हणजे दादाचं पॉजचं बटण. आमची वाटणी ठरलेली होती: मी वहीत गाण्याचं नाव लिहायची, दादा पॉजवर बोट ठेवून बसायचा. गाणं संपून निवेदन सुरू झालं की बटण खाली, पुढचं गाणं वाजलं की वर. कॅसेट वाया जायला नको म्हणून. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. गाणं पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नव्हता आणि ताई, म्हणजे केंद्रावरच्या निवेदिका, तर उद्या सकाळी पुन्हा बोलणारच होत्या.

आज उलटं झालं आहे. यातलं एकूण एक गाणं मला फोनवर मिनिटाभरात सापडतं, याहून स्वच्छ. ताईंचं बोलणं कुठेच सापडत नाही.

पण दादाचं बोट दर वेळी वेळेवर पडलेलं नाही. गाण्याच्या शेवटाला एखादा शब्द चिकटून राहिला आहे. ‘हे गाणं ऐकवलं...’ टक्. ‘आता साडेसा...’ टक्. आणि पॉज सुटताना फितीला वेग घ्यायला क्षणभर लागतो, तेवढा भाग मंद गतीनं रेकॉर्ड झाल्यामुळे आज वाजवताना चिरका होऊन झरकन खाली येतो. अशा चिरक्या सुरुवातीतून ताईंचा अर्धा शब्द दोनदा सापडला.

ठरवलं: प्रकल्पाचं काम बदलायचं. कॅसेटी पूर्ण उतरवायच्याच, पण यादी गाण्यांची नाही करायची. गाण्यांच्या मधे जे काही उरलं आहे त्याची करायची. प्रत्येक तुकडा, अर्धा शब्द असला तरी, वेळेसकट.

११ ऑगस्ट

आज काही उतरवलं नाही. पण ऐकताना जे आठवलं ते इथे लिहून ठेवते, कारण हेही कुठे रेकॉर्ड झालेलं नाही.

केंद्र दिवसातून दोनदा लागायचं. सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन. मधल्या वेळात डायलवरच्या त्यांच्या आकड्यावर नुसता सूं आवाज. लहानपणी मला तो सूं आवाजसुद्धा त्यांचाच वाटायचा, जणू केंद्र झोपलं आहे आणि श्वास चालू आहे. मग सहाला पाच कमी असताना सूं एकदम थांबायचा. शांतता. वाहक लहर, म्हणजे आवाज वाहून नेणारी रेडिओ लहर, सुरू झाली, की रिसीव्हर खरखर दाबून टाकतो, त्याची ती शांतता. अजून कुणी बोललेलं नाही, संकेतधून वाजलेली नाही, पण कुणीतरी आलंय, ट्रान्समीटरचं बटण दाबलंय, हे कळायचं. रोजच्या कार्यक्रमातला मला सगळ्यांत आवडणारा भाग तो होता. माणूस आत शिरला आहे आणि दिवा लावला आहे, पण अजून बोलला नाही, तसा.

त्यांचा पल्ला लहान होता. एफएमच्या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. मनोऱ्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून ४.१२ नं गुणलं की सपाट जमिनीवरचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. ३० मीटरच्या मनोऱ्याला ते साडेबावीसच्या आसपास येतं. पण ५० वॅटचा ट्रान्समीटर असला आणि मधे इमारती, झाडं, चढउतार आले की त्याचे दहा-बारा होतात. आमचं घर त्या काठावर होतं. म्हणून आमच्याकडे रेडिओ ऐकणं हे काम होतं. ९० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी सव्वातीन मीटर असते. भिंतीवरून परतलेली लहर थेट येणाऱ्या लहरीला कुठे पूरक ठरते, कुठे मारते, आणि या दोन जागांत पाऊणएक मीटरचंच अंतर असतं. हे गणित तेव्हा माहीत नव्हतं, पण टू-इन-वन टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवला तर ताई स्पष्ट आणि उजव्या टोकाला ठेवला तर बुडालेल्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आई जवळून गेली की आवाज हलायचा. दादा तिला म्हणायचा, ‘अगं तिथेच उभी राहा ना जरा, छान लागतंय.’ आणि ती खरंच गाणं संपेपर्यंत हातातलं काम तसंच धरून उभी राहायची.

थंडीतल्या काही पहाटे दुसरंच कुठलंसं दूरचं केंद्र आमच्या आकड्यावर चढायचं. एफएम रिसीव्हर एकाच आकड्यावरची दोन केंद्रं मिसळून ऐकवत नाही, जे जोरात असेल तेवढंच धरतो. हवेचे गरम-थंड थर उलटे बसले की दूरच्या लहरी वाकून पल्ल्याबाहेर पोचतात आणि काठावरच्या घरात पारडं फिरतं. ताई बोलता बोलता मधेच दुसरा कुणी मोठ्या आवाजात बोलू लागायचा, दोन वाक्यांनी परत ताई. मला ते ताईंना कुणी ढकलल्यासारखं वाटायचं आणि राग यायचा.

१८ ऑगस्ट

कॅसेट ४ ते ११. त्यातल्या ७ आणि ९ मध्ये फितीमागची नमद्याची छोटी गादी निसटून आत पडली होती, म्हणून आवाज येत-जात होता. खोकी उघडून चांगल्या खोक्यांत फीत हलवली.

तुकडे आतापर्यंत: २९. सगळ्यांत मोठा १४ सेकंदांचा.

२४ ऑगस्ट

कॅसेट १४, ‘शनि. मिक्स’, अ बाजू. हे नीट लिहायला हवं.

पहिली ११ मिनिटं नेहमीसारखी: गाणं, टक्, गाणं, टक्. मग गाणं संपतं, ताई बोलू लागतात, आणि टक् होत नाही. त्या बोलतच राहतात. मी हेडफोन घट्ट धरून बसले, आता कापलं जाणार, आता कापलं जाणार. नाही कापलं. बाजू संपेपर्यंत, १९ मिनिटं, सलग.

उतरवून काढलेलं, शब्दशः:

‘साडेसात वाजून गेलेत. आजचा पुढचा कार्यक्रम तयार आहे, पण तो मी जरा थांबवते. कारण चंद्राला ग्रहण लागलंय आणि आता थोड्याच वेळात तो पूर्ण झाकला जाईल. हे मी तुम्हाला सांगण्यापेक्षा तुम्ही बघा. रेडिओ चालू राहू द्या, पण घरात बसू नका. बाहेर या. मी पण खिडकीपाशी जाते.’

खुर्ची सरकल्याचा आवाज. चार पावलं. त्यानंतर २२ सेकंद काहीही नाही.

मग लांबून, माइकपासून दूर: ‘तांबडा झालाय. काका, या ना इकडे.’ काका, म्हणजे त्यांचे केंद्रावरचे सहकारी, चालत गेल्याचा आवाज. मग पुन्हा शांतता, ९ सेकंद. मग ताई परत येतात, जरा धाप लागलेली, आणि सांगतात की चंद्र पृथ्वीच्या सावलीत पूर्ण शिरला तरी काळा का होत नाही: पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून जाणारा प्रकाश त्याच्यावर पडतो, आणि हवेनं त्यातला निळा रंग पसरवून टाकलेला असतो, म्हणून पोचतो तो लाल. ‘म्हणजे या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतोय आणि मावळतोय, त्या सगळ्या ठिकाणांचा उजेड चंद्रावर आहे,’ असं त्या म्हणतात. पुढे एक गाणं, मग किल्ल्यांचा जुडगा सापडल्याची सूचना (तीन किल्ल्या, एक पितळेची, केंद्रावर येऊन ओळख पटवून न्यावी), पुन्हा गाणं, आणि फीत संपते.

यामुळे तारीख लागली. शनिवार, संध्याकाळी साडेसातनंतर खग्रास: १० डिसेंबर २०११. त्या दिवशी खग्रास अवस्था आमच्या घड्याळाप्रमाणे ७ वाजून ३६ मिनिटांनी सुरू झाली आणि ५१ मिनिटं टिकली. वर्ष नक्की झालेली ही पहिली कॅसेट.

पण दादानं पॉज का नाही दाबला? त्याला विचारायचं.

२५ ऑगस्ट

त्या २२ सेकंदांत एक बारीक ठोका आहे. टक... टक... टक... अगदी सम अंतरावर. मोजलं तर दोन ठोक्यांत ०.९६ सेकंद.

पहिला संशय डेकच्या रबरी चाकावर. त्याचा व्यास १३ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे परीघ चारेक सेंटिमीटर, आणि ४.७६ च्या वेगाला एक फेरा पाऊणएक सेकंदाच्या थोडा वर जातो. चाकावर एखादी खाच असेल तर असाच ठोका पडेल. रिळाचा दोष नाही हे नक्की, कारण रीळ भरत जातं तसा त्याचा फेरा लांबत जातो, दीड सेकंदापासून तीनच्या पुढे. हा ठोका बदलत नाही.

दोष असेल तर पुसून टाकता येईल. पुसायच्या आधी खात्री करते.

३१ ऑगस्ट

पुसलं नाही ते फार बरं झालं.

तीच कॅसेट शेजारच्या डेकवर लावली. ठोका तिथेच, ०.९६ वर. म्हणजे तो फितीवर आहे. मग टू-इन-वनच्या चाकाचा असेल का? तसं असतं तर तो गाण्यांतही सापडला असता. गाण्यांचे मंद भाग, शेवट, सगळं तपासलं: कुठेही नाही. ताईंचा माइक उघडा असतो तेव्हाच ठोका आहे. गाणं सुरू झालं, माइक बंद झाला, की नाहीसा होतो.

आणि तो शांततेतच मोठा का होतो याचंही उत्तर आहे. आमच्या टू-इन-वनला आवाजाची पातळी हातानं लावायची सोय नव्हती. यंत्र स्वतःच लावायचं: बोलणं मोठं असलं की खाली आणायचं, काही नसलं की हळूहळू वर उचलायचं. ताई खिडकीकडे गेल्या आणि यंत्र शोधत राहिलं, काही आहे का, काही आहे का. उचलता उचलता त्यानं खोलीच वर आणली. पंखा, लांबची पावलं, आणि हा ठोका.

स्टुडिओत भिंतीवरचं घड्याळ होतं. दुसरं काय असणार!

१ सप्टेंबर

सकाळपासून आनंदात आहे. घड्याळ असेल तर तो ठोका एक सेकंदाचा हवा. मला तो ०.९६ मिळतो आहे. म्हणजे रेकॉर्ड होताना आमचा टू-इन-वन चार टक्के हळू फिरत होता (संध्याकाळी वीज गेली की तो सेलवर चालायचा आणि आमचे सेल नेहमीच उतरलेले असायचे) आणि म्हणूनच आज सगळं चार टक्के घाईत ऐकू येतं.

दुसरा साक्षीदार शोधला. केंद्राच्या मिक्सरमधून विजेची गुणगुण बारीकशी येत होती. वीज ५० हर्ट्झची, तेव्हा गुणगुण ५० वर हवी. आलेखावर दोन टोकं दिसली: एक बरोबर ५० वर, ती माझ्या आजच्या डेकची. दुसरी ५२ च्या जरा वर. ५० ला ०.९६ नं भागलं की ५२.०८ येतात. घड्याळ आणि वीज एकच सांगतायत.

फाइल तेवढी ताणली. मूळ प्रत तशीच ठेवली, दुरुस्त प्रत वेगळी.

ताईंचा आवाज खाली आला. इतके दिवस तो थोडा पातळ, थोडा लगबगीचा वाटत होता आणि मी मनाशी म्हटलं होतं की आपली आठवणच चुकीची असेल, लहानपणी आवाज मोठे वाटतात. आठवण चुकीची नव्हती. वाक्याच्या शेवटी त्या जशा टेकायच्या तशा टेकल्या. शाळेला निघताना दारात चपला घालत जो आवाज मी ऐकायचे, तो हाच. मी ‘साडेसात वाजून गेलेत’ एवढंच पंधरा-वीस वेळा ऐकलं असेन.

८ सप्टेंबर

कॅसेट १५ ते २२ झाल्या. तुकडे ६१. वेगाची दुरुस्ती जिथे जिथे ठोका सापडतो तिथे घड्याळावरून, बाकी ठिकाणी गुणगुणीवरून.

संग्रहाला पानभर प्रस्तावना हवी, म्हणजे पुढे कुणी ऐकेल त्याला हे काय आहे ते कळेल. लिहायला बसले आणि पहिल्याच प्रश्नाला अडकले: हे केंद्र वेगळं कशामुळे होतं? जाहिराती नव्हत्या हे खरं, पण ‘जाहिराती नव्हत्या’ हे काही वर्णन झालं नाही.

जाहिरातीवर चालणाऱ्या केंद्राला प्रत्येक सेकंद कुणाला तरी विकलेला असतो किंवा विकायचा असतो. २२ सेकंद गप्प राहणं तिथे अपघात मानला जातो, आणि आपोआप दुसरं काही वाजवणारी यंत्रणासुद्धा बसवलेली असते. ताईंना ते २२ सेकंद कुणाला द्यायचे नव्हते. मला वाटतं, आम्हाला जे आवडायचं ते हेच होतं, नाव माहीत नसलं तरी. तिथे बोलणाऱ्याला घाई नव्हती. पत्र वाचताना अक्षर लागलं नाही तर ताई थांबायच्या, कागद उजेडाकडे धरल्याची सळसळ यायची, ‘हं, लागलं,’ म्हणायच्या आणि पुढे वाचायच्या. कुणाचा मुलगा परीक्षेला बसला, कुठला रस्ता खणला आहे, वाचनालय उद्या उशिरा उघडणार, हे सगळं गाण्याइतक्याच काळजीनं सांगितलं जायचं. एखादी सूचना चुकली असेल तर दुसऱ्या दिवशी आधी तिची दुरुस्ती, मग संकेतधून.

अशी केंद्रं जगात बऱ्याच ठिकाणी आपापल्या गरजेतून उभी राहिली आहेत. १९४७ मध्ये कोलंबियातल्या सुतातेन्सा या खेड्यात साल्सेदो नावाच्या तरुण पाद्र्यानं छोट्या ट्रान्समीटरवरून शेतकऱ्यांना अक्षरओळख शिकवायला सुरुवात केली. बोलिव्हियाच्या कथलाच्या खाणींतल्या कामगारांनी त्या दशकाच्या अखेरीपासून पगारातून वर्गणी काढून स्वतःची केंद्रं चालवली. १९४९ मध्ये अमेरिकेत बर्कलीला लुईस हिल यांनी केपीएफए सुरू केलं, तेही श्रोत्यांच्या स्वेच्छेच्या वर्गणीवर. रेडिओ फुकट ऐकता येतो, तरी ऐकणारा पैसे देईल, ही कल्पना तेव्हा कुणाला पटण्यासारखी नव्हती. लोकांनी दिले.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते माचनूरचं संघम रेडिओ, आज तेलंगणात असलेल्या गावातलं, दलित स्त्रियांनी चालवलेलं. त्यांचं प्रसारण १५ ऑक्टोबर २००८ ला सुरू झालं, पण त्याआधी कित्येक वर्षं परवान्याची वाट पाहत त्या कार्यक्रम रेकॉर्ड करत होत्या आणि कॅसेटी बैठकांमधून ऐकवत होत्या. ट्रान्समीटर नव्हता तेव्हा त्यांनी कॅसेटीलाच रेडिओ केलं. माझ्यासमोरचं खोकं उलट्या दिशेनं तेच आहे. ट्रान्समीटर गेला, कॅसेट उरली.

प्रस्तावना अजून झाली नाही. पण वरचा ‘घाई नव्हती’ हा भाग तीत असणार.

१४ सप्टेंबर

खरखर काढायची की नाही, यावर आठवडाभर डोकं चालवलं. प्रयोग म्हणून एका तुकड्यावर खरखर घालवणारी प्रक्रिया चालवून पाहिली. आवाज स्वच्छ झाला आणि खोली गेली. पंखा गेला, घड्याळ गेलं, कागदाची सळसळ अर्धी गेली. ताई कुठे बसून बोलतायत तेच कळेना. रद्द. फक्त वेग आणि हेडचा कोन, बाकी कशाला हात लावायचा नाही.

कॅसेट २४ मध्ये आणखी एक गोष्ट ऐकू आली. ती बरीच वर्षं न फिरवता पडून होती. गुंडाळलेल्या फितीचा एक थर शेजारच्या थरावर आपला ठसा उमटवतो, त्यामुळे ताई बोलायच्या दोनेक सेकंद आधी त्यांचाच आवाज, अगदी पुसट, येऊन जातो. ‘नमस्कार’च्या आधी ‘नमस्कार’ची चाहूल. दोन-तीनदा पुढे-मागे फिरवून घेतलं की हा ठसा थोडा उतरतो. फिरवून घेतलं, उतरला. पण न उतरवलेली प्रतही ठेवली आहे. ती मला हवी आहे.

२२ सप्टेंबर

ताईंशी बोलले.

त्यांचा नंबर काकांच्या ओळखीतून मिळाला. फोनवर ‘हॅलो’ म्हणाल्या आणि मला पुढचं वाक्य सुचेना, कारण तोच आवाज, दुरुस्त प्रतीतला. मी सांगितलं की मी तुमची श्रोती, काठावरची. त्यांना ‘काठावरची’ लगेच कळलं. ‘टेकाडापलीकडच्या का? तुमच्याकडून पत्रं यायची, आज नीट लागलं, आज नीट लागलं नाही. आम्ही त्यावरून अँटेना तपासायचो.’

घड्याळाबद्दल विचारलं. त्या हसल्या. ‘अगं, ते घड्याळ माइकच्या अगदी समोर होतं. वेळ सांगायला दिसायला हवं ना. रेकॉर्डिंग असलं की काका त्याचा सेल काढून ठेवायचे, टकटक येते म्हणून. थेट कार्यक्रमाला मात्र चालूच ठेवावं लागायचं.’

म्हणजे ठोका आहे तो तुकडा थेट, ठोका नाही तो आधी रेकॉर्ड केलेला! यादीत नवा रकाना घातला आणि सगळे तुकडे पुन्हा ऐकले. अगदी छोट्या तुकड्यांत कळणं शक्य नाही, पण जिथे कळतं तिथे ३४ थेट निघाले.

घड्याळ कुठे आहे, असंही विचारलं. केंद्र आवरलं तेव्हा त्यांनी ते घरी नेलं, अजून चालतं. मी फार भीत भीत विनंती केली. तासाभरात त्यांनी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवलं.

अशा घड्याळातल्या मोटरला एकाआड एक उलट्या दिशेचा विजेचा झटका मिळतो, त्यामुळे लागोपाठचे दोन ठोके अगदी एकसारखे असतीलच असं नाही. या घड्याळात पहिला किंचित जड, दुसरा हलका. कॅसेट १४ मधले २२ सेकंद पुन्हा लावले. जड, हलका, जड, हलका.

फाइलीला ‘००’ क्रमांक दिला. संग्रहात ती पहिली.

२९ सप्टेंबर

सगळ्या २७ कॅसेटी उतरवून झाल्या. तुकडे ८३, बोलण्याची एकूण वेळ ४७ मिनिटं. त्यातला सर्वांत मोठा वाटा कॅसेट १४ चा. दोन प्रती दोन ठिकाणी, तिसरी ताईंना पाठवली.

दादा आज आला. त्याला यादी दाखवली. ‘टक्’ची संख्या पाहून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मीच कापलं गं सगळं.’ मी म्हटलं, तुझं बोट उशिरा पडलं म्हणूनच एवढं तरी आहे.

मग त्याला कॅसेट १४ लावून दिली आणि विचारायचं राहिलेलं विचारलं: इथे पॉज का नाही दाबलास?

तो ऐकत होता. ‘रेडिओ चालू राहू द्या, पण घरात बसू नका. बाहेर या.’ इथे त्यानं हेडफोन एका कानावरून सरकवला.

‘आपण नव्हतोच ना तिथे,’ तो म्हणाला. ‘त्यांनी बाहेर या म्हटलं आणि आपण पळालो. तू वही तशीच टाकलीस. आई पण आली. पार फीत संपून बटण खट् करून वर आलं तरी आपण अंगणातच होतो.’

मला आठवलं. तांबडा चंद्र आठवला, आईच्या खांद्यावरची शाल आठवली, आणि उघड्या दारातून येणारा रेडिओचा आवाज, ज्यातले शब्द बाहेर ऐकू येत नव्हते.

दादानं हेडफोन नीट केला आणि खुर्चीत मागे टेकला. खुर्ची सरकली, चार पावलं गेली, २२ सेकंद सुरू झाले. तो अजिबात हलला नाही. ‘तांबडा झालाय’ आलं तेव्हा म्हणाला, ‘हे मी आज पहिल्यांदा ऐकतोय.’

मग पुन्हा मागे घ्यायला सांगितलं, पावलांपासून.